जहाजावर निघालेलं गाठोडं

ती घटना मला वर्षातून एकदा हमखास आठवते, आणि तीसुद्धा पानावर बसल्यावर. दिवाळी होऊन जाते, बाजारात नवा तांदूळ येतो, बायको भाताचं पातेलं चुलीवरून उतरवते आणि मी मात्र हात आवरून बसतो. पाहुण्यांना वाटतं, पोलीस खात्यात आयुष्य गेलेला माणूस, पोटाचं काहीतरी पथ्य लागलं असेल. पथ्य वगैरे काही नाही. त्यामागे एक प्रकरण आहे. नावं मुद्दाम देत नाही, कारण त्यातली सगळी माणसं अजून ठणठणीत आहेत आणि मला ओळखतात.

निवृत्तीच्या आधीची काही वर्षं मी मोखाड्याला होतो. तालुक्याचं गाव, पण ठाण्यात काम म्हणाल तर गुन्हे कमी आणि पायपीट जास्त. कुणाची गुरं हरवली, कुणाचं भावाशी बिनसलं, शेजारच्या जव्हारला आलेले पर्यटक रस्ता चुकून आमच्याकडे उतरले, असलंच बहुतेक. खरी गडबड आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी. त्या दिवशी सगळे पाडे खाली उतरतात, जीपगाड्या माणसांनी फुगतात आणि ठाणे अंमलदाराला जेवायला सवड मिळत नाही.

अशाच एका बाजाराच्या सकाळी आमच्या खबऱ्याचा फोन आला. हा जीपच्या थांब्यावर चहा विकायचा. चहा बेताचा असे, खबर मात्र कडक. कधीकधी इतकी कडक की घशाखाली उतरत नसे. पण त्या दिवशी त्याचा आवाज गंभीर होता.

"साहेब, जव्हारच्या जीपमधून एक गाठोडं चाललंय. टपावर नाय, मागं नाय, शीटवर पण नाय. डायवरनं डोक्यावरच्या दांडीला झोळी बांधून त्यात टांगलंय, तान्ह्या पोरासारखं. वरून पक्की शिलाई. मी हात लावाया गेलो तं अंगावर आला."

"मग त्यात काय एवढं?"

"साहेब, त्यातून पांढरी पावडर गळतेय."

पांढरी पावडर म्हटल्यावर कुठल्याही पोलिसाची पाठ ताठ होते. आमच्या बैठकांत वरिष्ठ अमली पदार्थांवर बोलून बोलून थकले होते आणि मोखाड्यातून दाखवायला आमच्याकडे काहीच नव्हतं. मी स्टेशन डायरीला नोंद घालून घेतली, हवालदाराला बरोबर घेतलं आणि जव्हारच्या रस्त्यावर गावाबाहेरच्या वळणावर नाकाबंदी लावली.

जीप आली. खबर अक्षरशः खरी होती. चालकाच्या डोक्याशी जुन्या साडीची झोळी लोंबत होती आणि झोळीत पांढऱ्या कापडाचं गाठोडं. त्याच्या खांद्यावर खरोखरच पांढरी भुकटी सांडलेली. प्रवाशांना दुसऱ्या जीपमध्ये बसवलं. कोंबड्यांसकट बसवावं लागलं, त्यामुळे आमच्या नावाने बरंच काही ऐकू आलं. चालकाला गाठोड्यासह ठाण्यात आणलं.

चालक तिशीचा, अंगाने काटक, मोखाड्याजवळच्याच एका पाड्यावरचा. त्याच्या नावावर साधा दंडही नव्हता. मी त्याला समोर उभं केलं.

"यात काय आहे?"

"नाय सांगत, साहेब."

"नाही सांगत म्हणजे? ठाऊक नाही?"

"ठावं हाय. नाय सांगत."

"गाठोडं तुझं आहे?"

"माझं नाय."

"मग ठेव ते खाली."

"खाली नाय ठेवत."

हवालदार माझ्या कानाशी आला. "साहेब, लई मुरलेला दिसतोय."

तासभर विचारलं. दरडावून विचारलं, समजुतीनं विचारलं. टेबलावर ठेव म्हटलं, बाकावर ठेव म्हटलं. नाही म्हणजे नाही. मी हात पुढे केला तर गाठोडं छातीशी धरून मागे सरकला. शेवटी चहा मागवला. चौकशीत चहाचा उपयोग लोकांना वाटतो त्यापेक्षा जास्त होतो. हातात कप आला की माणसाला हातातलं दुसरं काही ठेवावं लागतं. हा गडी गाठोडं डाव्या खांद्यावर घेऊन उजव्या हाताने चहा प्यायला. खांदा भरून आला तेव्हा कप हवालदाराच्या हातात दिला, गाठोडं उजव्या खांद्यावर घेतलं आणि कप परत मागितला. हवालदाराने दिलासुद्धा.

तिथे माझ्या डोक्यात काहीतरी हललं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी चोरीचा माल धरला, दारू धरली, सागाचे ओंडके धरले. पोलीस दिसला की गुन्हेगार पहिलं काम करतो ते माल अंगावेगळा करण्याचं. विहिरीत टाकेल, शेजाऱ्याच्या पिशवीत सरकवेल, निदान दोन पावलं लांब जाऊन उभा राहील. इथे मी स्वतः 'ठेव खाली' म्हणतोय, म्हणजे सुटायची वाट करून देतोय, आणि हा माल सोडायला तयार नाही. हा माल लपवणारा माणूस नव्हता. कुणीतरी विश्वासाने सोपवलेली वस्तू सांभाळत होता. मी प्रश्न बदलला.

"बरं, आत काय आहे ते राहू दे. हे तू कुणाच्या हातात देणार होतास?"

त्याने पहिल्यांदा मान वर केली. "जव्हारच्या स्टँडवर एक जण हाय, त्याच्या. तो देल जहाजावर."

मोखाडा डोंगरात. समुद्र बघायला इथून दिवस मोडावा लागतो. तिथे पांढऱ्या भुकटीबरोबर जहाज म्हटल्यावर हवालदार खुर्चीवरून उठून उभाच राहिला. माझंही मन पुन्हा डळमळलं, हे कबूल करायला हवं. जव्हारच्या स्टँडवर साध्या वेशातला माणूस पाठवावा की काय, असा विचार चालू असतानाच दारात गलका झाला.

पासष्टीची एक बाई आत शिरली. गुडघ्यापर्यंतचं लुगडं, डोक्यावर मिठाची पिशवी. बाजारात तिला कळलं होतं की जीप ठाण्यात नेली. आमच्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ चालकासमोर गेली.

"खाली ठेवला?"

"नाय, आजी."

"नाव घेतला?"

"नाय."

"दे हिकडं."

त्याने गाठोडं तिच्या हातात दिलं आणि मटकन भिंतीशी बसला. बाई बाकावर टेकली, गाठोडं मांडीवर घेतलं आणि मग माझ्याकडे वळली.

"आता माझ्या हातात हाय. आता विचार तुला काय विचारायचा तो."

त्या भागातली जुनी माणसं साहेबालाही 'तू' म्हणतात. त्यात उद्धटपणा नसतो, देवालाही ती तूच म्हणतात. मी विचारलं आणि तिने सगळं सांगितलं.

तिचा धाकटा मुलगा जव्हारच्या एका हॉटेलात भांडी घासता घासता स्वयंपाकघरात रुळला, मुंबईला जाऊन शिकला आणि पर्यटकांच्या मोठ्या जहाजावर कामाला लागला. आत्तापर्यंत कापणीच्या दिवसांत तो घरी असायचा. यंदा पहिल्यांदाच समुद्रावर होता. आणि त्या घरचा नेम असा, की नवं भात घरात आलं की आधी देवाला दाखवायचं, मग घरातल्या प्रत्येकाने खायचं, आणि सगळ्यांची तोंडं लागल्यावर शेवटी आईने खायचं. एकाचंही तोंड लागायचं राहिलं तर आई थांबते. वाटेने नेताना ते जमिनीला लावायचं नाही, हातातून हातात द्यायचं, आणि नाव तर अजिबात घ्यायचं नाही. नाव घेतलं तर वाटेवरचेच ते खाऊन टाकतात. वाटेवरचे म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही.

"कणगी भरली हाय घरात," ती म्हणाली. "आनि मी रेशनचा भात खातंय. पोऱ्यानं खाल्ला की मंग माझा."

"आणि ही पांढरी पावडर?"

तिने गाठोडं फिरवून दाखवलं. कापडावर तांदळाच्या पिठात बुडवून उठवलेला तिच्या हाताचा पंजा होता. पाचही बोटं स्वच्छ. पीठ वाळून त्याची भुकटी गळत होती.

"पोऱ्याला कळाया नको, आयनं धाडलाय म्हनून?"

हवालदार खाली बसला. खबऱ्याला काय बोलायचं ते मी मनात ठरवून टाकलं.

पण प्रकरण इथे संपत नव्हतं. खबर डायरीवर होती. बाईवर माझा विश्वास बसला होता, पण विश्वासाचा पंचनामा होत नाही. वस्तू उघडून दोन पंचांसमक्ष पाहिल्याशिवाय मला ती सोडता येत नव्हती, आणि जव्हारहून दुपारच्या एसटीने स्टँडवरचा तो माणूस, म्हणजे तिच्या मुलाचा जहाजावरचा सोबती, मुंबईला निघणार होता. तो चुकला की त्या जहाजावर जाणारं ओळखीचं माणूस पुन्हा कधी मिळेल, याचा भरवसा नव्हता. म्हणजे म्हातारीचा उपास लांबणार. मी तिला हे सरळ सांगितलं. मला वाटलं, रडेल, भांडेल.

"उघड ना," ती म्हणाली. "पन कोन उघडल? पोऱ्यानं नाय तं त्याच्या मामानं. दुसऱ्याचा हात नाय चालत."

"मग मामाला बोलावू. कुठे असतो?"

गाठोड्यावरचा पंजा तिने तळहाताने झाकला. "माझा भाऊ गेला रं. भाताच्या लावणीत गेला."

बाहेर बाजाराचा गोंगाट चालू होता. मग तिने मला नीट निरखून पाहिलं, बैल विकत घेताना पाहतात तसं.

"तुला बहीन हाय?"

"नाही. आम्ही सगळे भाऊच."

"मंग बरा झाला."

तिने माठातल्या पाण्यात बोट बुडवलं, गाठोड्यावरच्या पिठावर टेकवलं आणि मला काही कळायच्या आत माझ्या कपाळावर टिळा ओढला. "आता तू पोऱ्याचा मामा. सोड."

पंच म्हणून समोरचा बियाण्यांचा दुकानदार आणि शेजारचा शिंपी आले होते. शिलाई उसवायला शिंप्याने कात्री काढली, पण बाईने त्याला हात लावू दिला नाही. त्यामुळे टिळा लावलेल्या, गणवेशातल्या प्रभारी अधिकाऱ्याने स्वतः टाके उसवले. ते काम मी इतकं वाईट केलं की शिंप्याने डोळे मिटून घेतले. बाईने टेबलावर आपला पदर पसरला होता, त्यावर एकेक वस्तू निघाली. सागाच्या पानांत बांधलेले नव्या भाताचे कांडलेले पोहे. नागलीचे पापड. खुरासणीची चटणी. बाजारातून घेतलेले लोकरीचे मोजे, कारण जहाजात फार गारठा असतो असं मुलाने सांगितलं होतं. आणि एक छोटी बाटली. बाटली दिसताच हवालदाराने आशेने वास घेतला. मोहाच्या बियांचं तेल होतं. भांडी घासून मुलाचे हात फुटले होते, त्यासाठी.

पंचनाम्यात हे सगळं जसंच्या तसं आलं. आक्षेपार्ह काही मिळून आलं नाही.

मग मी जव्हारच्या त्या सोबत्याला फोन लावला, थोडा उशीर होईल हे सांगायला. तो सगळं ऐकून हसायलाच लागला.

"साहेब, तुम्ही उघडलंत ते देवासारखं केलंत. शिवलेलं गाठोडं आणि सुटं खाणं जहाजाच्या दारातच कचऱ्यात टाकतात. गेल्या खेपेला माझ्या आईचे लाडू तसेच गेले. कोरडा खाऊ, सीलबंद, वर लेबल, असं असेल तर बहुतेक वेळा सोडतात."

जव्हारला बायकांचा एक बचत गट पापड पिशवीत सीलबंद करून विकायचा. आमची सरकारी गाडी उपविभागीय कार्यालयाचं टपाल घेऊन जव्हारला जायचीच होती. टपालाला एवढी घाई याआधी कधी नव्हती. बचत गटाच्या बायकांनी पोहे, पापड, चटणी वेगवेगळं सील केलं, पदार्थाचं नाव आणि बनवल्याची तारीख लिहून चिकटवली. तेलाची बाटली मोठ्या बॅगेत गेली. पंज्याचं कापड घडी करून मोज्यांत ठेवलं. हे सगळं चालकाच्या हातातून हवालदाराच्या, हवालदाराच्या हातातून बायकांच्या आणि तिथून सोबत्याच्या हातात गेलं. जमिनीला काही लागलं नाही, नाव लिहिलं पण कुणी उच्चारलं नाही. हवालदाराने मला तसं परत आल्यावर खास सांगितलं.

म्हातारी निघता निघता दारात थांबली.

"आनि हां, आता तू पन नवा भात नाय खायचा. घरचा झालास. पोऱ्या खाल तंवर थांब."

मी कोकणातला. भात नसेल तर मी जेवलो असं माझं पोट मानत नाही. त्याच सकाळी घरी नव्या कोलमचं पोतं आलं होतं आणि दुपारी घरी गेलो तर त्याचा वास पार अंगणात. बायकोला सगळी हकीकत सांगितली. तिने कपाळावरचा टिळा पाहिला, पदर तोंडाला लावून पोटभर हसली आणि मला भाकरी वाढली. स्वतः भात जेवली, माझ्यासमोर बसून, तूप घालून.

वाटलं होतं, चार दिवसांचा प्रश्न आहे. सोबत्याचा निरोप आला, जहाजावर पोचलो, सामान सुटलं, त्याच्या हातात दिलं. पण 'खाल्लं' हा निरोप काही येईना. त्या दिवसांत तालुक्यात जिथे जावं तिथे नवा भात. एका पोलीस पाटलाने आग्रहाने जेवायला बोलावलं, मी नागलीची भाकरी मागून घेतली. दुसऱ्या दिवशी सगळीकडे झालं, साहेबांना साखर झाली. वार्षिक तपासणीला आलेल्या वरिष्ठांनी मला बाजूला घेऊन मेथीचं पाणी प्यायचा सल्ला दिला. मी 'होय सर' म्हटलं. खरं कारण सांगण्यापेक्षा साखर परवडली.

म्हातारी दर बाजाराला ठाण्यात यायची. तिच्या पाड्यावर फोनला रेंज नव्हती. आली की बाकावर बसायची, पदराच्या गाठीत मूठभर नवे पोहे बांधून आणलेले असायचे.

"खाल्ला?"

"नाही अजून निरोप."

"मंग तू?"

"मी पण नाही."

"बरा हाय," म्हणायची आणि निघून जायची. पण तिसऱ्या खेपेला ती लगेच उठली नाही. "पोऱ्या बरा असल ना रं?" एवढंच म्हणाली. मला त्या दिवशी भाकरीही गोड लागली नाही. पोचलेला खाऊ पोरगा खात का नाही? आजारी आहे? की शहरात राहून, परदेश बघून, आईचे नेम त्याला आता नकोसे झालेत? दुसरी शंका मी तिच्यासमोर बोललो नाही. तिच्याही मनात ती होती, हे तिच्या बसण्यावरून कळत होतं.

त्याच्या पुढच्या बाजाराला ती बाकावर बसलेली असताना माझ्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल आला. पांढरा कोट घातलेला, कानापर्यंत हसणारा एक तरुण. मागे जेवणाची लांब टेबलं, माणसांचा गलबला. त्याच्या समोर कापड पसरलेलं, त्यावर पिठाचा पंजा, आणि त्यावर पोह्यांची पिशवी. तशीच्या तशी, सीलबंद.

"आय!" तो ओरडला.

म्हातारीने फोन हिसकावून घेतला. "खाल्ला का नाय रं?"

"कसा खाऊ? मामानं सोडला, पन 'खा' कुठं म्हनला? आपल्या घरात मामा 'खा' म्हनल तवा खायाचा ना?" म्हातारीने कपाळावर हात मारला; दरवर्षी तो शब्द भाऊच म्हणायचा, ते तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. मग तो माझ्याशी शहरी मराठीत बोलायला लागला. "मामा, सोबत्याने तुमचं सगळं सांगितलं, नंबरही दिला. पण जहाजावर इंटरनेट फार महाग पडतं. आणि आई बाजाराच्या दिवशीच तुमच्याकडे येते. बंदराला लागलोय आणि तिकडे बाजार आहे, असा दिवस आजच जुळला. तुम्ही दोघं एकत्र दिसल्याशिवाय मी फोडणार नव्हतो."

म्हणजे आई त्याच्यासाठी थांबली होती, मी आईसाठी थांबलो होतो आणि तो समुद्रावर बसून माझ्यासाठी थांबला होता. एका शब्दासाठी. मी कितीतरी लोकांना हुकूम सोडले असतील, पण तो शब्द उच्चारण्याआधी मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो.

"खा रे बाळा."

त्याने पिशवी फोडली, चिमूटभर पोहे कपाळाला लावून तोंडात टाकले. शेजारी बसलेल्या परदेशी सोबत्यांनी वाकून पाहिलं. म्हातारी फोनमध्ये ओरडली, "त्यांना पन दे. त्यांची आय कुठं हाय तिथं?" त्याने सगळ्यांच्या हातावर थोडे थोडे ठेवले. इकडे तिने पदराची गाठ सोडली, निम्मे पोहे माझ्या तळहातावर ओतले, निम्मे स्वतः घेतले. आम्ही दोघांनी ठाण्यात उभ्याउभ्याच ते खाल्ले. चघळताना तिचे डोळे वाहत होते आणि ती हसत होती. हवालदार म्हणाला, "साहेब, साखर बरी झाली म्हणायची."

ते पोहे नुसते होते, ना मीठ ना गूळ. तरी आजवर काय काय खाल्लं त्यात मला त्यांचीच चव सांगता येते.

नोकरीने मला माणसं तपासायला शिकवलं. त्या गाठोड्याने शिकवलं की माणसाच्या तोंडाकडे पाहण्याआधी त्याच्या हातांकडे पाहावं. तोंड गप्प राहू शकतं, खोटंही बोलू शकतं. पण एखादी वस्तू तो कशी धरतो, खांदा भरून आला तरी सोडतो की नाही, यात त्याचं सगळं येतं. पुढे मी नव्या शिपायांना हेच सांगत आलो. आणखी एक गोष्ट कळली, ती शिकवता येण्यासारखी नाही. खात्यात मला लोकांनी पुष्कळ नावांनी हाक मारली, त्यातली काही इथे लिहिता येणार नाहीत. पण माझ्याकडून नातं मागून घेणारी ती एकटीच.

आता मी कोकणात गावी असतो. भाचा अजून जहाजावर जातो, सुट्टीवर आला की दरवेळी मला एक टोपी आणतो, का तर मामाची टोपी सरकारने परत घेतली. दिवाळीनंतर पिठाच्या पंज्याचं एक लहान गाठोडं जीपमधून, एसटीतून, हातातून हातात माझ्याकडे येतं. आणि त्याच सुमारास बायको नव्या तांदळाचा भात करते. आता तीही आधी जेवत नाही. ताट वाढते, त्यावर झाकण ठेवते, माझा फोन मधोमध उभा करते आणि विचारते, "आपला पोऱ्या जेवला का हो?"